ट्रॅक्टर दिवसभर का ठेवला, त्याचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलं आहे की दारव्ह्याकडून ट्रॅक्टर आणला, आम्ही दिवसभर ठेवून घेतला, काही न उघडता नुसती हवा भरली अन् 800 रुपये घेतले. गावचा मिस्त्री पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणतो, आम्ही व्हॉल्व्ह म्हणतो, अन् तुम्हाला जवळ उभंही राहू दिलं नाही.

पैशाचं आधी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं नाही, ती माझी चूक. बाकीचं मात्र रिंगा टाकायच्या आधी वाचाच.

सकाळी स्टार्टिंगचा त्रास अन् चढावर दम सुटणं, एवढ्यावरून रिंग की व्हॉल्व्ह ते कळत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये बनणारा दाब, मोजलं तर तिसरा सिलिंडर कमी निघाला. पण कमी आहे एवढंच ते गेज सांगतं, हवा कुठून पळते ते सांगत नाही. म्हणून पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या जागेतून 100 पौंड दाबाची हवा सोडली. पहिल्या दोन सिलिंडरमध्ये 88-90 पौंड टिकली, तिसऱ्यात 55. मग कान लावला. रिंगेतून थोडी हवा जातेच. ऑइल भरायच्या तोंडाशी तिन्ही सिलिंडरचा आवाज सारखाच होता, म्हणजे रिंगा तिसऱ्याच्याच गेल्या असं नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, म्हणून गॅस्केटवरचा संशय गेला. एअर क्लीनरकडेही शांत, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह ठीक. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर तळव्याला हवा लागत होती. म्हणजे धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

तरी लगेच सांगितलं नाही. टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची फट) घट्ट असला तरी व्हॉल्व्ह अधांतरी राहतो. तुम्ही चालवत आणलेलं इंजिन थंड व्हायला दुपार गेली, मग टॅपेट सेट करून पुन्हा हवा सोडली. गेज 55 वरून हललं नाही. वेळ लागला तो इथे.

तुम्हाला लांब उभं केलं कारण पिस्टन जराही वरच्या टोकावरून सरकला तर हवेच्या जोरानं क्रँक फिरते. टॉप गिअर अन् ब्रेक लावूनही आमच्या पोरांना मी पंख्याजवळ हात नेऊ देत नाही. पण सायलेन्सरपाशी तुमचा हात धरून दाखवता आलं असतं. ते राहून गेलं.

व्हॉल्व्हसाठी फक्त हेड उतरतं. रिंगांसाठी खालचं ऑइलचं चेंबर उतरवून पिस्टनही काढावे लागतात, खर्च कितीतरी वाढतो. मृगाच्या तोंडावर तो कशाला?

काम आमच्याकडे केलं तर 800 बिलातून वजा करीन. गावातच केलं तर मिस्त्रीला एवढं सांगा: तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, त्याची सीट अन् गाईड पाहा, अन् घासून झालं की हेड बसवायच्या आधी पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाहा. गळालं तर परत घासा.