हर्सूल दाखवून पोरं सुधारत नसतात

आज सकाळी गावाच्या ग्रुपवर मेसेज पडला. रात्री टपरीवर बसणाऱ्या, कोयता घेऊन स्टेटस ठेवणाऱ्या चौदा पोरांची यादी केलीय. जीप करायची आणि हर्सूल जेल दाखवून आणायचं. आतल्या कैद्यांनी दम भरला की सरळ होतील म्हणे. खाली अंगठेच अंगठे, "लई भारी उपक्रम". तिथं लिहिलं असतं तर शिव्या निघाल्या असत्या, म्हणून इथं लिहितोय.

२०१७ साली मी हेच केलंय.

माझा भाचा, चौदा वर्षांचा. दसरा झाल्यावर अक्का आणि दाजी मुकादमाच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडं कारखान्यावर ऊसतोडीला गेले, पोरगं आमच्याकडं राहिलं. त्यानं शेजाऱ्याच्या मोटारीची केबल कापून तांबं भंगारात विकलं. शेजारी दारात येऊन नाही नाही ते बोलला. मी ओळखीच्या हवालदाराला फोन केला, "दोन तास बसवा, जरा खाक्या दाखवा." दोन तासांची रात्र झाली. बाकावर पोराशेजारी गाडीचोरीतला एक तिशीचा माणूस होता. पोरगं उपाशी आहे हे त्याला कळलं, त्यानं बिस्किटाचा पुडा दिला. मामाला नाही सुचलं ते. सकाळी आणायला गेलो तर पोराच्या तळहातावर बॉलपेननं मोबाईल नंबर लिहिलेला. कुणाचा रे, म्हणालो. त्यानं मूठ मिटली.

आठवडाभर गप्प होता. मी खूश, बघा कसा घाबरला! मग गल्लीतली पोरं त्याला भाई म्हणायला लागली. भीती आठ दिवसांत उतरली, भाई तेवढा राहिला. आणि चार महिन्यांत तो त्याच नंबरवाल्याबरोबर गाडीचोरीत सापडला.

अमेरिकेत हा खेळ कधीच खेळून झालाय. न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात जन्मठेपेचे कैदी पोरांवर ओरडायचे, आत काय होतं ते सांगून घाबरवायचे. त्यावर माहितीपट निघाला, त्याला १९७९ ला ऑस्कर मिळालं, मग जिकडंतिकडं तेच सुरू झालं. पुढं कुणीतरी मोजून बघितलं. जाऊन आलेल्या पोरांतली ४१ टक्के पुन्हा गुन्ह्यात सापडली होती, न गेलेल्यांतली ११ टक्के. नंतर अशा नऊ प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला, त्यातही हेच निघालं, की काहीच केलं नसतं तर बरं झालं असतं. आणि आपण जीपची वर्गणी काढतोय!

कायदाही माहीत नाही कुणाला. मलाही नव्हता. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं अठरा वर्षांखालच्या पोराला कोठडीत किंवा जेलात ठेवता येत नाही. पोराशी बोलताना पोलिसानं वर्दीतसुद्धा नसावं, असा नियम आहे. मी भाच्याला वर्दी दाखवायलाच नेलं होतं.

हां, एखादं पोरगं घाबरून सुधरतही असेल. ज्याचं दुकान फोडलं त्याचा राग खोटा नाही, तेही मान्य.

पण तो कोयता या पोरांनी कुठून आणला, विचारलं का कुणी? घरातच असतो तो. आईबापाच्या पोटाचं हत्यार आहे.

पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, अक्का आली तेव्हा पोरगं निरीक्षणगृहात होतं. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझ्याजवळ सांभाळायला ठेवला होता रे." मला अजून त्या मिटलेल्या मुठीची स्वप्नं पडतात. उघडून बघायला पाहिजे होती. जवळ बसवून, भाकरी वाढून, बाबा हा कोण, तुला काय म्हणाला, विचारायला पाहिजे होतं. मी स्टँडपर्यंत बडबडत आणलं त्याला.

आज तो जालन्याला गॅरेजात आहे, चांगलं चाललंय त्याचं. एका मिस्त्रीनं त्याच्या हातात पाना दिला आणि रात्री स्वतःच्या घरी जेवायला नेलं, रोज, वर्षभर. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

यादीतली पाच पोरं मला माहीत आहेत. पाचांच्याही घराला कुलूप आहे, आईबाप फडात, पोरं म्हाताऱ्यांकडं. रविवारी त्यांना माझ्याकडं जेवायला बोलावलंय. ग्रुपमधल्या कुणाला यायचं असेल तर या. दम द्यायला येऊ नका.