'सगळेच पास होतात, मग अहवाल कशाला वाचायचा?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात न्यायाधीशाला पदावर ठेवायचं की नाही यावर मतदार मतपत्रिकेवर 'हो' किंवा 'नाही' करतात, आणि त्याआधी एक मूल्यमापन आयोग त्याच्या कामाचा अहवाल देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा आयोग जवळजवळ प्रत्येक न्यायाधीशाला पास करतो, म्हणजे तो नुसता शिक्का मारतो, त्यापेक्षा मतपत्रिकेवर सरसकट 'नाही' करावं. निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

पदावर राहायचं असेल तर न्यायाधीशाला निवडणुकीच्या सहा ते तीन महिने आधी तसं लेखी कळवावं लागतं. आयोगाचं मत त्याच्या हाती त्याआधीच पडतं. ते प्रतिकूल असेल तर काहीजण कळवतच नाहीत, मुदत संपली की बाजूला होतात. तुम्ही मोजता ते असे गाळून उरलेले न्यायाधीश.

आयोग वकिलांचाच असतो असं कुणाला वाटत असेल, तर तेही खरं नाही. जिल्हा आयोगात दहा सदस्य, त्यातले सहा वकील नसलेले. ते निकालपत्रं वाचतात, कोर्टात जाऊन बसतात, न्यायाधीशाची मुलाखत घेतात.

मतदारांच्या घरी येणाऱ्या ब्लू बुकात (निवडणुकीच्या माहितीपुस्तिकेत) 'निकष पूर्ण करतात' या ओळीवर थांबू नका. आधी आयोगाची मतं कशी पडली ते पाहा. 10-0 आणि 6-4 यांत फार फरक आहे. मग वकिलांनी आणि इतरांनी (ज्युरर, पक्षकार, कर्मचारी) दिलेली सरासरी वेगवेगळी वाचा, 4 पैकी. आणि संकेतस्थळावरच्या सविस्तर अहवालात किती जणांनी उत्तरं दिली ते बघाच. समजा, लहान काउंटीत बाराच वकिलांनी उत्तर दिलं. दहांनी 3 दिले, चिडलेल्या दोघांनी 0. सरासरी थेट 2.5 वर येते. शंभर उत्तरांत तेच दोन शून्य असते तर 2.94 राहिली असती. छोट्या काउंटीतल्या आकड्यावरून न्यायाधीशाला झोडपणं म्हणूनच अन्यायाचं ठरतं.

निकाल द्यायला लागणारा वेळ लोक वाचतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मुलाच्या ताब्याचा निकाल महिनोन्महिने रखडला तर तेवढे दिवस ते मूल अधांतरी राहतं. सौम्य, मृदुभाषी न्यायाधीशही याबाबतीत नापास होऊ शकतो.

आता सरसकट 'नाही'बद्दल. इथे समोर दुसरा उमेदवार नसतो. बहुमताने 'नाही' झालं तर नामनियुक्ती आयोग (नव्या न्यायाधीशासाठी नावं सुचवणारा वेगळा आयोग) दोन-तीन नावं देतो आणि गव्हर्नर त्यातून एक निवडतो. त्या नव्या माणसावर तुमचं पहिलं मत किमान दोन वर्षांनी. शिवाय सगळ्यांनाच 'नाही' दिलंत तर चांगल्या आणि वाईट न्यायाधीशाला सारखंच माप लागतं. जो खरोखर उर्मट आहे तोही त्या गर्दीत लपतो.

एखादा निकाल पटला नाही तर त्यासाठी अपील आहे. अमेरिकेतल्याच आयोवा राज्यात 2010 मध्ये समलिंगी विवाहाच्या निकालावरून सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायमूर्ती मतदानाने गेले. निकाल मात्र तसाच लागू राहिला.

एक मुद्दा तुमचा पक्का आहे: अहवालांची भाषा फार गुळमुळीत असते. म्हणून अहवालात न्यायाधीशाला काम सुधारण्यासाठी दिलेल्या योजनेचा उल्लेख दिसला, तर ती पूर्ण झाली का हे त्याच परिच्छेदात शोधा. तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर त्या एका नावापुढे 'नाही' करायला माझी हरकत नाही.