सदाफुलीची पाने चावू नका

लेखात सदाफुलीतून मिळणाऱ्या कर्करोगाच्या औषधांची माहिती छान दिलीत, पण एक इशारा ठळकपणे हवा होता. आमच्या बडोद्यात मधुमेहावर म्हणून कुंडीतली पाने सकाळी अनशापोटी चावणारे बरेच आहेत. आता कॅन्सरवरही चावतील, याची काळजी वाटते. कॅनडात नोबल आणि बीअर हे शास्त्रज्ञही सदाफुली आधी मधुमेहाच्याच अंगाने तपासत होते. साखर उतरली नाही, उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या आणि १९५८मध्ये व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती लागले. त्याचे भावंड व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून, काटेकोर मोजून देतात. तरीही हातापायांना मुंग्या येतात, बोटे बधिर होतात. पानात द्रव्य किती, हे चावणाऱ्याला कसे कळणार? केमो चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया काहीही घेऊ नका.