जळगावचं विमान आपल्या खिशामुळे बंद पडलं नव्हतं

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तोच मेसेज तीन ठिकाणांहून आला. कॉलनीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आणि धुळ्याच्या मामांकडून थेट. मामांनी खाली एक ओळ जोडली होती: "खरं शे का रे हाई?"

मेसेज लांबलचक आहे, त्याचा गाभा एवढाच: इंडिगोने तिकीट स्वस्त केलं म्हणून ती देशात पहिली झाली. जळगावला जनतेच्या पैशावर विमान सुरू केलं तर ते दोनदा बंद पडलं, कारण खान्देशी माणूस सोनं घेईल, जमीन घेईल, पण विमानाचं तिकीट घेणार नाही. स्वस्त विमान म्हणजे सुरक्षेत काटछाट. आणि रात्रीची रेल्वे असताना हे नखरे कशाला? शेवटी हात जोडलेले आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला पटलं नाही. मामांना फोनवर समजावायला गेलो तर अर्धा तास झाला, आणि मामा म्हणाले, "लिहून धाड, चष्मा लावून वाचतो." म्हणून हे लिहिलं.

पहिला दावा: तिकीट स्वस्त केलं म्हणून इंडिगो मोठी झाली.

तिकीट स्वस्त करायला काय लागतं? काल पाच हजार होतं, आज दोन हजार लिहायचं. या देशात ते आधी एअर डेक्कनने करून दाखवलं. कॅप्टन गोपीनाथांनी २००३ मध्ये बंगळुरूहून सुरुवात केली, आणि एक रुपयाच्या तिकिटाची चर्चा तेव्हा पानटपरीवरही होती. चार वर्षांत, २००७ मध्ये, डेक्कन किंगफिशरच्या हातात गेली. २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. पुढे २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली, तीही स्वस्त तिकीटवालीच; तिची निम्मी विमानं इंजिनांअभावी उभी होती. स्वस्त तिकीट हीच जादू असती तर आज पहिल्या नंबरवर डेक्कन असायला हवी होती.

इंडिगोने स्वस्त केला तो खर्च. तिचं पहिलं विमान ऑगस्ट २००६ मध्ये उडालं. पण त्याच्या आदल्या वर्षीच, एकही विमान हवेत नसताना, तिने एअरबसला ए३२० जातीच्या १०० विमानांची ऑर्डर देऊन टाकली होती. आपल्याकडे रावेर-यावलच्या कोणालाही विचारा: एक क्रेट केळी घेणाऱ्याचा भाव वेगळा आणि आख्खा बाग घेणाऱ्याचा वेगळा. शंभर विमानं एकदम घेणाऱ्याला भाव असाच मिळतो. मग ती विमानं भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना विकायची आणि त्यांच्याकडूनच काही वर्षांच्या कराराने परत भाड्याने घ्यायची. पैसा अडकत नाही. विमान जुनं होऊन मोठ्या, महागड्या दुरुस्तीला यायच्या आत मालकाला परत जातं आणि जागी नवं येतं. सुरुवातीची कित्येक वर्षं ताफ्यात एकाच जातीची विमानं होती, त्यामुळे वैमानिक, मेकॅनिक आणि सुटे भाग सगळीकडे तेच. एटीआर ही छोटी विमानं २०१७ मध्ये आली, तोवर पाया पक्का झाला होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमान उभं राहू द्यायचं नाही. उतरल्यावर अर्ध्या तासात पुन्हा धावपट्टीकडे. दिल्लीला केळीचा ट्रक नेणाऱ्याला हे गणित कोणी शिकवावं लागत नाही. गाडीचा हप्ता, ड्रायव्हरचा पगार आणि विमा गाडी उभी असली तरी चालूच राहतात. कमाई फक्त चाकं फिरतात तेव्हा, आणि तीही परतीचा माल मिळाला तरच. कमी खर्चाच्या विमान कंपनीचं सगळं शास्त्र या एका ट्रकात मावतं. तिकीट स्वस्त होणं हा त्याचा शेवटचा टप्पा आहे, आणि तोही रोज नसतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी पुण्याचं भाडं काढून बघा.

दुसरा दावा हा खरा दुखरा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो: खान्देशी माणूस बसत नाही, म्हणून विमान बंद पडतं.

घडलं काय, ते आधी. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन मार्च २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते झालं, त्या तेव्हा राष्ट्रपती होत्या. नियमित विमान यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. छोट्या गावांना विमानाने जोडण्यासाठी कंपनीला तीन वर्षं तोट्याचा आधार देणाऱ्या उडान योजनेखाली मुंबईचं विमान सुरू झालं ते पुन्हा उभ्या राहिलेल्या एअर डेक्कनचं, बीचक्राफ्ट नावाचं, जेमतेम अठरा माणसांचं. ते बंद पडल्यावर २०१९ मध्ये हैदराबादची ट्रूजेट आली, अहमदाबाद आणि मुंबईसाठी. तीही गेली.

आता ही दोन नावं जळगावच्या बाहेर जाऊन बघा. डेक्कनचा हा दुसरा अवतार कोविडमध्ये, एप्रिल २०२० ला, सगळीकडेच थांबला. ट्रूजेट २०२२ च्या सुरुवातीला थांबली तेव्हा नांदेड, कडप्पा, विद्यानगर अशी तिची गावंही रिकामी झाली. मग काय, कडप्पाचा माणूसही सोन्यातच पैसा घालतो म्हणायचं?

सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०२३ मध्ये उडानचा हिशेब मांडला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत पुरी केली ११२ मार्गांनी, आणि मुदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते फक्त ५४. देशभर ज्या योजनेत शंभरातले सातच मार्ग तगले, तिथे जळगावचा मार्ग तगला नाही याचं खापर आपल्या कंजूसपणावर फोडायला मोठं धैर्य लागतं.

कारण खिशात नाही, विमानात आहे. साधा हिशेब मांडतो. उडान सुरू झाली तेव्हा सुमारे तासाभराच्या प्रवासाला कमाल २,५०० रुपये भाडं ठरलं, विमानातल्या साधारण निम्म्या जागांसाठी. समजा सगळ्याच जागा त्या भावाने गेल्या आणि एकही रिकामी राहिली नाही. अठरा जागांच्या विमानात गल्ला ४५,००० रुपये. इंडिगोच्या ए३२० मध्ये १८० जागा, गल्ला साडेचार लाख. मोठ्या विमानाला इंधन जास्त लागतं, मान्य. पण पुढे बसणारे वैमानिक दोन्हीकडे दोनच. मुंबईच्या धावपट्टीवर दोघांनाही उतरण्या-उडण्याची एकेकच राखीव वेळ लागते, आणि ती वेळ मुंबईत सोन्याच्या भावाने मोजली जाते. आपलं सराफ बाजारातलं सोनं परवडलं! त्यात मुंबईत भरलेल्या इंधनावर २०२३ पर्यंत राज्याचा २५ टक्के व्हॅट होता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तो १८ वर आला.

मग मोठं विमानच का आणत नाहीत? आपली धावपट्टी साधारण १,७०० मीटर. भरलेलं ए३२० तिथे आरामात उतरवणं-उडवणं जमण्यासारखं नाही. म्हणजे आपल्याकडे एटीआर किंवा त्याहून छोटंच येणार, आणि ज्या यंत्रावर इंडिगो मोठी झाली ते यंत्र आपल्या अंगणात मावत नाही.

आता 'खान्देशी माणूस बसत नाही' याचा खरा पुरावा सांगतो. तो जळगावच्या विमानतळावर मिळणार नाही, त्यासाठी संभाजीनगरला चिकलठाण्याला जावं लागेल. मागच्या हिवाळ्यात मी तिथे रांगेत उभा होतो. पुढे एक मावशी, बंगळुरूला मुलाकडे निघालेल्या. बॅग काट्यावर ठेवली, आकडा आला १९.६. मर्यादा १५ किलो. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे जादा किलोचे पैसे सांगितले. मावशींनी आकडा ऐकला, बॅग खाली ओढली, तिथेच फरशीवर बसल्या आणि चेन उघडली. आत भरताची वांगी, ती हिरवी-पांढरी, एकेक नारळाएवढं. कळण्याच्या पिठाची पिशवी. शेवेची पाकिटं. सोडायला आलेल्या भाच्याला फोन करून दारापाशी परत बोलावलं आणि एकेक वांगं मोजून बाजूला काढायला लागल्या, जसं कोणी लॉकरमधले दागिने काढावेत. मी उगाच विचारलं, "मावशी, बंगळुरूत वांगी मिळत नाहीत का?" त्यांनी माझ्याकडे दया येऊन पाहिलं. "मिळतात रे दादा. भरताची नाही मिळत." गाव विचारलं तर भुसावळजवळचं निघालं. पहाटे गाडी करून दीडेकशे किलोमीटर आल्या होत्या.

तर ही प्रवासी खान्देशची, आणि मोजली गेली संभाजीनगरच्या खात्यात. नंदुरबारचा माणूस ताप्ती लाइनने सुरतला जातो आणि तिथून उडतो. धुळ्याचा नाशिकच्या ओझरला, नाहीतर थेट मुंबईला. रावेरकडच्यांना इंदूरही चालतं. आपण विमानात बसतो, फक्त दुसऱ्याच्या गावातून. आणि मग तेच आकडे दाखवून सांगतात की तुमच्याकडे मागणी नाही. (जादा किलोचे ते पैसेही लक्षात ठेवा. तिकीट स्वस्त ठेवून बॅग, सीट, सँडविच यांचे वेगळे पैसे घेणं हा या धंद्याचा दुसरा खांब आहे. भरताच्या वांग्यांनी तो किती उंच झाला असेल, देव जाणे.)

तिसरा दावा, जनतेचा पैसा. अर्धा खरा आहे. उडानमध्ये तोटा भरून काढायला कंपनीला जी रक्कम मिळते, तिचा मोठा भाग दिल्ली-मुंबईसारख्या चालत्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या आकारातून येतो. राज्य सरकारचा वाटा पाचवा, तो मात्र तुमच्या-माझ्या करातलाच. म्हणजे दिल्लीला जाणारा प्रवासी काही अंशी जळगावच्या प्रवाशाचं तिकीट भरतो. हे योग्य की अयोग्य यावर भांडता येईल. माझं मत विचाराल तर आधार देणं चूक नव्हतं, तीन वर्षांची मुदत चूक होती. नवीन मार्गावर लोकांचा भरवसा बसायलाच दोन वर्षं जातात. त्यात आपल्या वाट्याला कोविड आला.

सुरक्षेच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. स्वस्त कंपनीला वेगळे नियम नसतात. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएची तपासणी, वैमानिकाचं लायसन्स, इंजिनाची देखभाल सगळ्यांना तीच. विमानं उलट बरीचशी नवी असतात, ते वर सांगितलंच. पण काटकसरीची एक किंमत असते, आणि ती २०२५ च्या डिसेंबरात दिसली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोचं मनुष्यबळ त्यात पुरं पडलं नाही आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. सरकारला काही काळ भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली. ही अपघाताची भीती नव्हे, राखीव माणसं न ठेवण्याची शिक्षा होती, आणि देशातली साठ टक्क्यांहून जास्त वाहतूक एकाच कंपनीकडे असल्यामुळे ती सगळ्यांनी भोगली. मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर मी गुपचूप पुढे पाठवलं असतं.

राहिली रेल्वे. मुंबईपुरतं मेसेजवाल्याचं म्हणणं मला मान्य आहे. मी स्वतः रात्री जळगावला बर्थवर आडवा होतो आणि सकाळी मुंबईत चहा पितो. तासाभराच्या विमानासाठी घरून विमानतळ, तिथली रांग, मग मुंबईत उतरून पुन्हा टॅक्सीत दीड तास, हे मला तरी जमत नाही. मुंबईचं विमान जळगावकराला लागतं ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल तर, आणि तशी वेळ मुंबईच्या गर्दीत मिळवणं हीच तर अडचण. पण हैदराबादला जाऊन बघा: मनमाडला उतरा, अजिंठा एक्सप्रेसची वाट बघा. अशा ठिकाणी सत्तरेक जागांचं एटीआर कामाला येतं. २०२४ मध्ये गोव्याच्या फ्लाय९१ ने जळगावहून गोवा, हैदराबाद आणि पुणे सुरू केलं, तेव्हा बहुधा हाच विचार असावा: रेल्वे जिथे रात्रीत पोचवते तिथे भांडायचं नाही, जिथे दिवस खाते तिथे जायचं. ही कंपनी फक्त एटीआरच चालवते, म्हणजे धडा इंडिगोकडूनच घेतलाय, फक्त यंत्र आपल्या धावपट्टीच्या मापाचं.

हे सगळं मामांना पाठवलं. दोन दिवस निळी टिक नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. "वाचलं. मग आपल्या धुळ्याच्या गोंदूरला कधी येईल विमान?" मी म्हटलं, मामा, गोंदूरच्या धावपट्टीवर विमान रोजच येतं, शिकाऊ पोरं चालवतात. मामा म्हणाले, "मंग त्याच पोरांना सांग ना, मला पुण्याला सोडा."