अठरा पानांचं कार्ड आणि तीन टोप

संकष्टीच्या संध्याकाळी जोश्याशी वाद घालायचा नसतो. सकाळपासून दोन कप चहा आणि एक केळं एवढ्यावर माणूस बसलेला, चंद्रोदयाला अजून दीड तास, आणि वर डोंबिवलीचा उकाडा. पण पक्याला दम निघेना. कट्ट्यावर टेकता टेकताच म्हणाला, "काल कोपऱ्यावर जेवायला गेलो होतो. सासुरवाडीची माणसं होती. पार नाक कापलं गेलं."

'कोपऱ्यावर' म्हणजे अण्णाच्या हॉटेलात. पाटीवर नाव आहे, पण ते कोणी घेत नाही. आत चार फॅमिली टेबलं, बाहेर उभ्यानं खाणाऱ्यांसाठी स्टीलचा कट्टा, गल्ल्यामागे उदबत्ती लावलेले देव आणि हातात द्यायला प्लॅस्टिकचं कार्ड. पानं अठरा. इडलीनं उघडतं आणि मेक्सिकन सिझलरवर मिटतं. मध्ये मिसळ, चायनीज भेळ, शेजवान डोसा, जैन पावभाजी, पिझ्झा, थालीपीठ, फालुदा.

"मामेसासरे कोल्हापूरचे," पक्या म्हणाला. "त्यांचा मान म्हणून व्हेज कोल्हापुरी मागवली. बाकीच्यांना मखनवाला आणि पनीर कढाई. मामांनी तिन्हीतला एकेक घास घेतला आणि अगदी शांतपणे विचारलं, जावईबापू, ह्यातली आमच्या गावची कुठली?"

"मग?"

"मी म्हटलं, जिच्यावर तळलेली लाल मिरची ठेवलीय ती. तर म्हणाले, तांबडा माहीत हाय, पांढरा माहीत हाय, ही भाजी काय आमच्याकडं कुणी केलेली बघितली न्हाई."

जोश्याला आयतं कोलीतच मिळालं. "अठरा पानं छापली की असंच होणार. ज्याला सगळं येतं म्हणतात ना, त्याला धड काहीच येत नसतं. माटुंग्याला जा. स्टेशनाला लागून रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासून. केळीच्या पानावर वाढतात. रस्सम, भात, भाजी, ताक. निमूट जेवायचं आणि उठायचं. तिथे जाऊन मागून दाखव मंच्युरियन!"

"तिथे मंच्युरियन मागणाऱ्याला नेऊच नये," मध्या म्हणाला. मध्याचं ऐकावं लागतं, कारण तो आजूबाजूच्या हॉटेलांना पनीर पुरवतो. सकाळी नऊला मागच्या दारानं आत शिरतो, त्यामुळे पुढच्या दारानं येणाऱ्या आपल्यासारख्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं. "आणि पक्या, चूक तुझी. पंजाबीतल्या तीन भाज्या मागवल्यास म्हणजे एकच भाजी तीनदा मागवलीस."

मग त्यानं जे सांगितलं ते मी जवळजवळ त्याच्याच शब्दांत देतो. सकाळी दहाच्या आत तीन टोप तयार होतात. एक लाल: टोमॅटो, कांदा, आलं-लसूण. एक पांढरा: उकडलेला कांदा, काजू, आणि काजू महाग म्हणून त्यात मगज बी वाटून. एक पिवळा, हळदीचा. बाजूला उकडलेल्या भाज्यांचा डबा. ऑर्डर आली की लाल दोन डाव, त्यात ढोबळी मिरची आणि भरडलेले धने पडले की झाली कढाई. लाल आणि पांढरा निम्मे निम्मे, वरून लोणी आणि कसुरी मेथी, झाला मखनवाला. लालमध्ये तिखट जास्त आणि वर ती मिरची, म्हणजे कोल्हापूर.

"म्हणजे ती मिरची काढली तर...?"

"तर मिक्स व्हेज."

हसणं थांबल्यावर जोश्या म्हणाला, "हेच तर मी म्हणतोय. फसवणूक आहे ही."

इथे वैशू बोलली. ती बँकेतून घरी जाताना पंधरा मिनिटं थांबते आणि सहसा ऐकतेच. "कसली फसवणूक? आमच्या घरी पाच माणसं. सासूबाईंना रात्री इडलीखेरीज काही पचत नाही. सासऱ्यांना पोळी हवी. लेकाला नूडल्स. नवऱ्याला पनीर, नाहीतर बाहेर जेवल्यासारखं वाटत नाही. आणि मला असं काहीही, जे मला करावं लागलं नाही आणि ज्याची भांडी मला दिसणार नाहीत. सांग, रामा नायकांकडे मी ह्यातल्या कितीजणांना गप्प बसवू?"

जोश्या गप्प बसला, पण थोडाच वेळ.

मला मात्र वैशूचं पटलं. आपण कार्ड स्वयंपाकघराचं आहे असं समजून वाचतो. ते टेबलाचं असतं. आपल्याकडे बाहेर जेवायला एकटा माणूस जात नाही, घर जातं. घरात एकाचा उपास, एकाला कांदा-लसूण वर्ज्य, एकाला रात्री दही चालत नाही. जैन पावभाजीच घ्या. पावभाजीतून बटाटा काढला तर उरतं काय? तरी बटाट्याच्या जागी कच्चं केळं कुस्करून ती उभी केलीच ना. आणि उपासाचं म्हणाल, तर ज्या साबुदाण्याच्या खिचडीवर आपली चतुर्थी चालते, तो साबुदाणा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो, ज्या कंदापासून होतो तो मुळात दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्याला ती परतून देतो तो उडुपीकडचा अण्णा. मिरची, बटाटाही तिकडचेच. जोश्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणून मी आज केळं खाल्लं."

"पण चायनीज तरी?" पक्यानं पुन्हा काडी लावली. "डोसा करणाऱ्यानं नूडल्स कशाला ढवळायच्या?"

"तो डोसेवाला नसतोच," मध्या म्हणाला. "चायनीजची भट्टी वेगळी, माणूस वेगळा. आणि ते चायनीज चीनचं आहे असं तुला कोणी सांगितलं? मंच्युरियन मुंबईचं. कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वांगनं १९७५ मध्ये चर्चगेटच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काढलं. मिरची, आलं, लसूण आपलंच, फक्त गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. ते चिकनचं होतं. आपण त्याला कोबीचं केलं."

म्हणजे बघा, कोल्हापुरी कोल्हापूरची नाही आणि चायनीज मात्र इथलं, चर्चगेटचं. लोकलनं तासा-सव्वा तासावर.

अण्णाच्या तव्याबद्दल मात्र आमच्यात कधीच भांडण होत नाही. बाहेरच्या कट्ट्यावरून तो सरळ दिसतो. टेबलाएवढा काळा तवा. डोसेवाला त्यावर पाण्याचा सपकारा मारतो, चर्रर्र होऊन वाफ उठते, मग आखूड खराट्यानं तो तवा झाडून काढतो, अंगण झाडावं तसा. सपाट बुडाच्या वाटीनं पीठ मधोमध ओततो आणि त्याच वाटीच्या बुडानं मधून बाहेर फिरवत नेतो. सहा डोसे एका वेळी. सहावा पसरेपर्यंत पहिल्याच्या कडा सुटलेल्या असतात. तो बघत असतो रस्त्याकडे, डोशाकडे नाही. ह्या हाताला कार्ड लागत नाही.

माझं मत एवढंच, की जेवायला बसण्याआधी त्या क्षणी कुठला विस्तव जोरात आहे ते बघून घ्यावं. सकाळी तवा आणि इडलीचं भांडं. दुपारी थाळी. संध्याकाळी पावभाजी, कारण ती तेव्हा सतत हलत असते. नूडल्स रात्री आठनंतर, भट्टी तापल्यावर. पंजाबी घ्यायचीच असेल तर एक लाल आणि एक पांढरी. दोन लाल कधीच नाही. पिझ्झाच्या वाटेला जाऊ नये. तिथे पावाला शिळेपणाचा वास असतो आणि चीज आधीच रुसलेलं असतं. सांबार गोड असतं, पण ते आपल्यासाठीच गोड केलेलं आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

"आणि थालीपीठ?" वैशूनं विचारलं. "सोळाव्या पानावर, आइस्क्रीमच्या अलीकडे."

"दिवसाला दोन जातात," मध्या म्हणाला. "तीही मराठी माणसं नेत नाहीत. गुजराती नेतात, चीज घालून."

यावर कोणालाच काही बोलता येईना. थालीपीठ खायला आपण पैसे मोजून बाहेर जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जोश्यानं मोबाइलवर चंद्रोदय पाहिला. वेळ होऊन गेली होती. चंद्र ढगात होता, पण पंचांगात उगवला होता आणि तेवढं त्याला पुरलं. आम्ही सगळेच उठलो, वैशूसुद्धा, घरच्यांसाठी पार्सल घ्यायला. कोपऱ्यावर पोचलो, टेबल मिळालं. पोऱ्यानं कार्ड पुढे केलं. जोश्यानं ते न उघडता पाण्याच्या ग्लासाखाली ठेवलं.

"एक रवा मसाला. कडक."

"और एक मनचाव, वन बाय टू," मध्या म्हणाला.

पोऱ्यानं तव्याकडे मान वळवून बघितलं. "रवा को टाइम लगेगा, साब. पंधरा मिनट."

जोश्यानं सकाळपासूनचे तास बोटांवर मोजले आणि म्हणाला, "चलेगा."