‘पडणारच आहेत की!’: दुधाच्या पुढच्या दातांच्या रूट कॅनालबद्दल

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘दुधाचे दात पडणारच. त्यांचं रूट कॅनाल (दाताच्या मुळातली किडलेली नस काढून आत औषध भरणं) म्हणजे लूट. आतलं औषध पक्का दात खातं. किडका दात उपटा, नाहीतर तसाच सोडा.’

पडणार हे खरं, पण कधी? वरचे मधले दोन 6-7 व्या वर्षी, त्यांच्या शेजारचे 7-8 व्या. रात्री गोड दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या पोराचे हेच दात दोन-अडीच वर्षांचं असतानाच किडतात. खालचे जीभ आणि लाळेमुळे बहुधा वाचतात. म्हणजे अजून चार वर्षं काढायची. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, दुखायचं थांबतं आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. नस मेली म्हणून दुखत नाही. पू आतच असतो. पक्क्या दाताचा अंकुर त्याच मुळाच्या मागे, टाळूच्या बाजूला वाढत असतो. पू मुरत राहिला तर तो दात डागाळलेला, खडबडीत येऊ शकतो.

औषधाच्या भीतीत थोडं तथ्य आहे. पक्का दात येताना दुधाच्या दाताचं मूळ आपोआप झिजत जातं, आत भरलेलं औषधही त्याच्याबरोबर जिरायला हवं. मोठ्यांच्या दातात भरतात तो गटापर्चा (रबरासारखा पदार्थ) विरघळत नाही, म्हणून इथे वापरतच नाहीत. आयोडोफॉर्म-कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट शरीर सहज जिरवतं. झिंक ऑक्साइड-युजेनॉल ही दुसरी पेस्ट मात्र मुळापेक्षा हळू झिजते. मुळाच्या टोकाबाहेर गेली तर कण मागे राहतात, क्वचित पक्का दात वाकडा येतो. म्हणून एक्स-रेवर मूळ मोजून फाइल (मूळ आतून साफ करायची बारीक सुई) टोकाच्या 1 ते 2 मिमी अलीकडे थांबवतात. 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटने (जंतुनाशक द्रावण) जोर न लावता धुतात. मग एकामागून एक पेपर पॉइंट (ओल टिपणारी कागदी वात) आत घालतात, शेवटचा कोरडा आणि स्वच्छ निघेपर्यंत. त्यानंतरच पेस्ट. युजेनॉल वापरलं असेल तर वर आधी ग्लास आयोनोमर सिमेंटचा थर हवा, नाहीतर काँपोझिट (दाताच्या रंगाचं फिलिंग) नीट घट्ट होत नाही. काम बिघडतं ते बरेचदा शेवटी: पैसे वाचवायला कॅप टाळली, फिलिंग उडालं, लाळ आत गेली, पुन्हा पुटकुळी.

‘उपटा’ हा सल्ला कधीकधी बरोबर असतो. मूळ एक तृतीयांशाहून जास्त झिजलंय, कॅप धरायला दातच उरला नाही, दात वर्षभरात पडणारच आहे, किंवा मुलाला हृदयाचा काही विशिष्ट आजार आहे, तर काढलेलाच बरा. तिथे रूट कॅनालचा आग्रह धरणारा डॉक्टर चुकतोय. ‘काढला तर जागा बुजेल’ ही भीतीही इथे फारशी लागू नाही. सुळे आलेले असतील तर पुढची जागा बहुधा टिकते. ती काळजी दाढांची. आणि वरचा दात काढला की नजर कमी होते, असंही काही जण म्हणतात; तसं होत नाही, डोळ्याची नस वेगळी.

तेव्हा आधी एक्स-रे मागा आणि मूळ किती उरलंय ते विचारा. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ, दोन्हीकडच्या दंत महाविद्यालयांत लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. उपचारानंतर सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. रात्रीच्या बाटलीत आजपासून फक्त पाणी.