कोरांटी, पट्टी आणि मी

मला बगीच्यात शिस्त लागते. म्हणजे कडेचं कुंपण पट्टी लावून कापलेलं, कुंड्या उंचीप्रमाणे उभ्या, गळलेलं पान दिसलं की जेवण जात नाही. त्यात आई म्हणाली, "अरे पाणी कमी लागणारं, आपल्याकडचं काहीतरी लाव की, कोरांटी लाव, वर्षानुवर्षं टिकते." लावली.

हिला पाणी नको हे डोक्याला पटलेलं, हाताला पटेना. रोज सकाळी पाइप घेऊन सगळ्यांना भिजवायचं आणि हिच्यापुढून कोरडं निघून जायचं म्हणजे पंगतीत एकालाच वाढायचं नाही असं वाटायचं, मग थोडंसं पाणी, मग वाईट वाटलं म्हणून थोडं शेणखत, आणि झाड झालं नुसतं पाल्याचं. फूल एक नाही. मग खालची पानं पिवळी पडली, मला वाटलं तहानली असेल, अजून पाणी. आईने मातीत बोट घातलं. "मुळं कुजवतोयस तिची. विसर जरा तिला."

विसर! मी रोज जाऊन बघायचो विसरलोय का ते.

आणि छाटणी. दर रविवारी शेंडे कापून तिला गोल करायचो. फुलं शेंड्याकडेच येतात हे फार उशिरा कळलं, म्हणजे दर रविवारी मी कळ्याच उडवत होतो. पानांच्या बेचक्यात लांब सुयांसारखे काटे, त्यातला एक बोटात मोडला आणि बोट पिकलं. बँडेज बांधून बसल्या बसल्या शास्त्रीय नाव शोधलं, बार्लेरिया प्रायोनायटिस, आणि त्यातलं प्रायोन म्हणजे ग्रीकमध्ये करवत. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्येच सांगून ठेवलेलं, मीच वाचलं नव्हतं. हिला वज्रदंती पण म्हणतात, दातांसाठी चांगली. मी तर नुसते दातओठ खात होतो.

हात बांधलेला, त्यामुळे ना पाणी ना कात्री. आणि बाईसाहेब फुलल्या! वेड्यावाकड्या, केस विंचरायचे राहिल्यासारख्या, पण पिवळ्याधमक.

मग बोंडं वाळून तडातड फुटायला लागली. एकेका बोंडात दोनच बिया, पण उडतात कुठेही. आता फरशीच्या फटीत रोपं, गुलाबाच्या कुंडीत रोप, पायरीखाली रोप. उपटणार होतो. आई म्हणाली, "असू दे रे."

असू दिली. फक्त फटीतल्या रोपांमधलं अंतर काल पट्टीने मोजलं, आणि तिसरं जरा डावीकडे हवं होतं.